हॉटस्पॉट लावला की इयरबडचा आवाज का तुटतो?

आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक
मोबाइल दुरुस्ती, सीताबर्डी, नागपूर

"भाऊ, मोबाइलचा हॉटस्पॉट लॅपटॉपला दिला की कानातलं गाणं तुटतं. घरच्या वायफायवर काहीच होत नाही. बोर्ड गेला का?" ही तक्रार आमच्या काउंटरवर नेहमीची आहे. बहुतेक वेळा बोर्ड गेलेला नसतो आणि इयरबडही चांगलेच असतात. फोनमधला एक रेडिओ दुसऱ्याच्या कामात आडवा येत असतो. बोर्डवर पैसे घालण्याआधी हे काय आहे ते आपल्याला कळावं, आणि जे सेटिंगमध्येच सुटतं त्यासाठी दुकानापर्यंत हेलपाटा पडू नये, म्हणून हे पत्रक काढलं आहे.

मध्ये धुराच नाही

एका फोनमध्ये टॉवरशी बोलणारा रेडिओ असतो, वायफायचा असतो, ब्लूटूथचा असतो, शिवाय उपग्रहांचं ऐकून रस्ता दाखवणारा असतो. त्यांच्या अँटेना एकमेकींपासून बोट-दोन बोटांवर बसवलेल्या असतात.

वायफायचा जुना पट्टा (सेटिंगमध्ये दिसतो तो २.४ गिगाहर्ट्झ) आणि ब्लूटूथ दोघेही २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ या फ्रिक्वेन्सीत चालतात. आपल्या देशात ४जीसाठी वापरला जाणारा बँड ४० (बँड म्हणजे फ्रिक्वेन्सीचा पट्टाच) हा २३०० ते २४०० मेगाहर्ट्झचा. एकाचं वावर संपतं तिथेच दुसऱ्याचं सुरू होतं, मध्ये धुराच नाही. वरच्या बाजूला २४९६ पासून ४जीचाच बँड ४१ सुरू होतो, पण तिथे निदान बारा-तेरा मेगाहर्ट्झची मोकळी जागा आहे.

आता जोर किती ते पाहा. टॉवर लांब असेल तर ४जी फोन जास्तीत जास्त साधारण २०० मिलिवॅट ताकदीने बोलतो. त्याच वेळी राउटरकडून आलेला, आपण 'चांगली रेंज' म्हणतो तसा उणे ७० डीबीएमचा (हे सिग्नलच्या ताकदीचं माप) वायफाय सिग्नल असतो एका मिलिवॅटचा एक कोटीवा भाग. म्हणजे शेजारचा रेडिओ २०० कोटी पट मोठ्याने ओरडतो आहे आणि वायफायने तेवढ्यात आपलं ऐकायचं आहे. मारबतीच्या मिरवणुकीत ढोलाला खेटून उभं राहायचं आणि मागच्या माणसाची कुजबुज ऐकायची, तसंच हे.

फोन स्वतः काय करतो

पहिला उपाय फिल्टरचा. तांदळाच्या दाण्याहून लहान असलेला हा भाग हवा तेवढा पट्टा आत घेतो आणि बाकीचा अडवतो. पण २४०० च्या काठावर त्याला अगदी कोयत्याने कापल्यासारखं काम करावं लागतं. त्यात तापमान वाढलं की फिल्टरचा काठ एक-दोन मेगाहर्ट्झ सरकतो. मे महिन्यात भर दुपारी गाडीच्या हँडलवर लावलेला फोन किती तापतो हे नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. 'सकाळी नीट असतं, दुपारी बिघडतं' असं कोणी सांगितलं तर आम्ही ते हसण्यावारी नेत नाही.

दुसरा उपाय पाळी लावण्याचा. टॉवरचा रेडिओ आणि वायफायची चिप यांच्यात बोर्डवर निरोपाच्या तारा असतात. 'मी आता बोलणार आहे' असं एकाने कळवलं की दुसरा तेवढे काही मिलिसेकंद थांबतो. वायफाय आणि ब्लूटूथ तर बहुतेक फोनमध्ये एकाच चिपवर असतात, त्यामुळे कोणाचा डेटा आधी जाणार हे तिथल्या तिथे ठरतं. हॉटस्पॉट, कॉल आणि इयरबड एकदमच चालू केले तर प्रत्येकाच्या वाट्याला वेळ कमी येतो. कानातला आवाज तुटतो तो इथे.

ब्लूटूथची स्वतःची युक्तीही आहे. ते ७९ चॅनलांवर, म्हणजे पट्ट्याच्या लहान तुकड्यांवर, सेकंदाला १६०० उड्या मारत चालतं. २००३ साली आलेल्या १.२ आवृत्तीपासून ते गोंगाटाचे चॅनल ओळखून गाळतं, मात्र निदान २० चॅनल त्याला ठेवावेच लागतात. वायफायने मोठा भाग अडवला आणि खालच्या काठावर ४जीचा गोंगाट असला की उड्या मारायला जागाच उरत नाही.

शेवटचा उपाय टॉवरच्या हातात आहे. मोबाइलचे नियम ठरवणाऱ्या ३जीपीपीच्या रिलीज ११ पासून फोन टॉवरला कळवू शकतो की या फ्रिक्वेन्सीवर मला आतूनच त्रास होतो आहे. मग टॉवर त्याला दुसऱ्या बँडवर हलवू शकतो किंवा मध्ये ठरावीक विश्रांती देऊ शकतो. हे घडवणं ना आपल्या हातात, ना आमच्या.

घरी आधी हे करून पाहा

सगळ्यात मोठा फरक पडतो तो हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर, म्हणजे ५००० मेगाहर्ट्झच्या वरच्या वायफायच्या दुसऱ्या पट्ट्यावर, नेल्याने. अँड्रॉइडमध्ये हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड निवडता येतो. आयफोनमध्ये 'पर्सनल हॉटस्पॉट'खालचं 'मॅक्सिमाइज कम्पॅटिबिलिटी' बंद ठेवा. घरचं वायफायही जमेल तिथे ५ गिगाहर्ट्झवर जोडा. जुना पट्टा मग एकट्या ब्लूटूथला मोकळा मिळतो. ५ गिगाहर्ट्झ भिंतीपलीकडे कमी पोचतं, महाल भागातल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींत तर फारच कमी, म्हणून लॅपटॉप त्याच खोलीत असू द्या.

राउटर जुनाच असेल आणि ५ गिगाहर्ट्झ नसेल, तर चॅनल १ ऐवजी ११ लावा. चॅनल १ चा मध्य २४१२ वर आहे, ११ चा २४६२ वर. बँड ४० पासून तेवढंच पन्नास मेगाहर्ट्झ लांब.

फोन कुठे ठेवता यालाही फार महत्त्व आहे. रेंज कमी तितका फोन मोठ्याने बोलतो आणि शेजारच्या रेडिओंना त्रास वाढतो. हॉटस्पॉटचा फोन खिडकीत ठेवा. पण उन्हाळ्यात आपल्याकडे त्याच खिडकीत लोखंडी बॉडीचा कूलर असतो. त्या पत्र्याच्या आड ठेवला तर उलटंच होतं, दुसरी खिडकी बघा.

हे करूनही आवाज तुटत असेल तर एक सोपी परीक्षा घ्या. फोन एअरप्लेन मोडवर टाका, मग फक्त ब्लूटूथ चालू करून फोनमध्ये आधीच उतरवलेलं गाणं लावा. तरीही तुटलं तर दोष टॉवरच्या रेडिओचा नाही, इयरबड किंवा अँटेना बघावी लागेल. नीट वाजलं तर वायफाय चालू करा, शेवटी एअरप्लेन मोड काढून मोबाइल डेटा. कोणत्या पायरीवर बिघडलं ते लक्षात ठेवून आम्हाला सांगा. आमचा अर्धा तास वाचतो.

आमची एक चूक, आणि तेव्हापासूनचा नियम

काही वर्षांपूर्वी एका ताईंचा पाण्यात पडलेला फोन आम्ही साफ करून दिला. बोर्डवर चिपांच्या वर चंदेरी पातळ पत्र्याचं झाकण असतं, पोस्टाच्या तिकिटाएवढं. त्याला शील्ड म्हणतात. ते काढताना वाकलं, आणि फोन चालतोय म्हणून आम्ही तसंच, झाकणाशिवाय, बंद करून दिलं. पंधरा दिवसांनी ताई परत आल्या. कॉल ठीक होते, पण मोबाइल डेटा चालू केला की वायफाय सुटायचं. चूक आमची होती. नवीन शील्ड बसवलं आणि तक्रार थांबली.

आतला गोंगाट आत आणि बाहेरचा बाहेर ठेवायचं काम तोच पत्रा करतो. तेव्हापासून काढलेलं प्रत्येक शील्ड परत बसल्याशिवाय आमच्याकडून फोन जात नाही. कडेच्या अँटेनाच्या स्प्रिंग आणि बोर्डचे सगळे स्क्रू मोजून लावतो, कारण अर्थिंग बरेचदा त्या स्क्रूंमधूनच जातं. कुठेही दुरुस्ती करा, पण 'शील्ड परत बसवलं का' हा प्रश्न जरूर विचारा. फोनची तक्रार डिस्प्ले बदलल्यानंतर सुरू झाली असेल तर तेही लपवू नका. काही डिस्प्ले बोर्डला जोडणाऱ्या पट्टीतूनही गोंगाट येतो.

तपासणीला येताना फोनबरोबर इयरबड, चार्जर आणि नेहमीचं कव्हर घेऊन या, विशेषतः कव्हरला मॅग्नेट किंवा धातूची पट्टी असेल तर. काउंटरवरच्या या तपासणीचे आम्ही पैसे घेत नाही.