स्कँडिनेव्हियातील स्वतंत्र संगीत : नव्या ध्वनिमुद्रिका आणि प्रत्यक्ष मैफली

स्वीडन, नॉर्वे आणि डेन्मार्क या तीन देशांत मोठ्या आंतरराष्ट्रीय कंपन्यांच्या बाहेर राहून निर्माण, प्रकाशित आणि सादर होणारे लोकप्रिय संगीत. त्यात गिटारवर आधारलेला इंडी (‘इंडिपेंडंट’चे लघुरूप) पॉप येतो, तसाच पंक, इलेक्ट्रॉनिक, प्रायोगिक जॅझ आणि मेटलही येतो. हा एक विशिष्ट संगीतप्रकार नाही. संगीत बाहेर काढण्याची आणि लोकांपुढे नेण्याची ती एक रीत आहे. आइसलँड आणि फिनलंड हे भौगोलिक दृष्ट्या स्कँडिनेव्हियात मोडत नसले, तरी महोत्सव, पुरस्कार आणि दौरे यांच्या निमित्ताने तेथील कलावंत या वर्तुळात सतत ये-जा करतात.

या तीन देशांची मिळून लोकसंख्या सव्वादोन कोटींच्या आसपास, म्हणजे महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी आहे. एवढ्या लहान बाजारपेठेत, जगाला न कळणाऱ्या भाषांच्या प्रदेशात, छोटी लेबले, म्हणजे ध्वनिमुद्रिका प्रकाशित करणाऱ्या कंपन्या, दशकानुदशके टिकली आणि त्यांनी जगभर ऐकले जाणारे संगीत दिले. यामागे गुणवत्ता आहेच. पण तालमीची खोली, गावातला मंच आणि ध्वनिमुद्रणाचा खर्च यांची सार्वजनिक सोय हे त्याहून मोठे कारण आहे. येथील संगीत बाजारापासून स्वतंत्र आहे, समाजापासून नाही.

पार्श्वभूमी : स्वीडनमधील स्वतंत्र संगीताची मुळे 1970 च्या दशकातील ‘प्रोग’ चळवळीत आहेत. इंग्रजीतील प्रोग्रेसिव्ह रॉकशी हिचा संबंध केवळ अंशतः आहे. ही डाव्या विचारांची, स्वीडिश भाषेत गाणारी, व्यापारी संगीताला विरोध करणारी चळवळ होती. 1970 च्या उन्हाळ्यात स्टॉकहोममधील यॅर्देत या मोकळ्या मैदानावर संगीतकारांनी स्वतःच भरवलेला महोत्सव हा तिचा आरंभबिंदू मानला जातो. एमएनडब्ल्यू आणि सायलेन्स ही तिची प्रमुख लेबले. 1974 मध्ये ॲबा या स्वीडिश बँडने युरोव्हिजन ही युरोपीय देशांची गीतस्पर्धा जिंकल्यावर पुढील वर्षीची स्पर्धा स्टॉकहोमला आली, तेव्हा या मंडळींनी त्याच शहरात पर्यायी महोत्सव भरवला. सायलेन्स हे लेबल पुढे वॅर्मलांडमधील कोप्पोम या खेड्यात गेले आणि 1990 च्या दशकात ‘बॉब हुंड’सारख्या नव्या पिढीच्या बँडच्या ध्वनिमुद्रिका त्यानेच काढल्या. दोन पिढ्यांना जोडणारा हा धागा स्वीडिश इंडीच्या चर्चेत अनेकदा निसटतो. डेन्मार्कमध्ये साधारण त्याच सुमारास, 1971 मध्ये, रोस्किल्ड महोत्सव सुरू झाला.

तालमीच्या खोल्या आणि अनुदाने : स्वीडनमध्ये 1940 च्या दशकापासून नगरपालिकांच्या संगीतशाळा पसरत गेल्या. अल्प शुल्कात वाद्य शिकण्याची आणि ते घरी नेण्याची सोय त्यांनी सामान्य कुटुंबांतील मुलांना करून दिली. त्याच्या पुढची पायरी म्हणजे अभ्यास-संघटना. कामगार चळवळीतून 1912 मध्ये स्थापन झालेली एबीएफ ही त्यांतील सर्वांत जुनी मोठी संघटना. प्रौढशिक्षणासाठी निर्माण झालेल्या या संघटनांनी पुढे रॉक बँडलाही ‘अभ्यासमंडळ’ म्हणून मान्यता दिली. तीन-चार मित्रांनी एकत्र येऊन नाव नोंदवायचे, आठवड्याच्या तालमींची नोंद ठेवायची आणि त्या बदल्यात खोली, ॲम्प्लिफायर, ड्रम यांची सोय फुकट किंवा नाममात्र भाड्यात मिळवायची, अशी ही व्यवस्था आहे. गावातल्या छोट्या कार्यक्रमाला लागणारी ध्वनियंत्रणाही पुष्कळदा हीच संघटना पुरवते. उत्तरेकडील उमेओ या शहरातून ‘रिफ्यूज्ड’सारखा हार्डकोर, म्हणजे अधिक वेगवान आणि आक्रमक पंक वाजवणारा, बँड पुढे आला, याचे कोडे या खोल्या पाहिल्यावर सुटते. हिवाळ्यात दुपारीच अंधार पडणाऱ्या गावात तरुणांना जाण्यासाठी एक उबदार, आवाज करायला मुभा असलेली जागा होती. 2024 पासून स्वीडिश सरकारने या संघटनांच्या अनुदानात टप्प्याटप्प्याने मोठी कपात सुरू केली आहे. तिचा पहिला फटका मोठ्या शहरांपेक्षा अशाच दूरच्या गावांना बसतो, आणि नवे बँड तिथूनच येत असल्याने हे नुकसान लगेच दिसणार नाही, पण खोलवर जाईल.

नॉर्वेत राज्याच्या कला परिषदेने पुस्तकांप्रमाणे ध्वनिमुद्रिकांसाठीही खरेदी योजना राबवली. निवडलेल्या अल्बमच्या ठराविक प्रती विकत घेऊन ग्रंथालयांना दिल्या जात. बाजारात ज्याच्या काहीशेच प्रती खपतील अशा प्रायोगिक अल्बमचा खर्च भरून निघण्यास त्यामुळे मदत झाली. डेन्मार्कने भर दिला तो मंचांवर. तेथे राज्य आणि नगरपालिका मिळून ‘प्रादेशिक मंच’ म्हणून निवडलेल्या सभागृहांना चार वर्षांच्या कराराने अनुदान देतात, त्यामुळे राजधानीबाहेरच्या शहरांतही तिकीटविक्रीची खात्री नसलेले कार्यक्रम होऊ शकतात.

लेबले आणि ध्वनिमुद्रिका : 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झालेले स्टॉकहोमचे लॅब्राडॉर हे स्वीडिश इंडी पॉपचे सर्वांत परिचित लेबल. ‘क्लब 8’ आणि ‘ॲसिड हाउस किंग्ज’ या बँडमधला योहान आंगेरगोर्द ते चालवण्यातही पुढे होता, म्हणजे वाजवणारा आणि प्रकाशित करणारा एकच. लुंड या स्वीडिश शहरात सुरू झालेल्या ‘द रेडिओ डिपार्टमेंट’चा 2003 चा ‘लेसर मॅटर्स’ हा धूसर गिटारचा, घरगुती ध्वनिमुद्रणाचा खरखरीतपणा मुद्दाम राखणारा अल्बम लॅब्राडॉरचाच. या बँडची गाणी पुढे सोफिया कोपोलाच्या 2006 च्या ‘मारी आंत्वानेत’ या चित्रपटात आली.

त्याच काळात गोथेनबर्ग हे दुसरे केंद्र बनले, आणि अनेक दृष्टींनी अधिक धाडसी. सर्व्हिस आणि सिन्सिअरली युअर्स ही तिथली दोन लहान लेबले. येन्स लेकमन याने शहराच्या कोर्टेदाला या उपनगराचे नाव थेट 2007 च्या अल्बमच्या शीर्षकात घेतले. जुन्या रेकॉर्डमधील तुकडे कापून-जोडून त्यावर रोजच्या आयुष्यातले प्रसंग गाण्याची त्याची शैली या शहराची ओळख ठरली. अर्जेंटिनाहून आलेल्या आईवडिलांचा मुलगा होसे गोन्झालेस याने 2003 मध्ये ‘व्हेनिअर’ हा मुख्यतः नायलॉन तारांच्या गिटारवरचा अल्बम इम्पीरियल या छोट्या लेबलवर काढला. त्यातील ‘हार्टबीट्स’ हे गाणे मुळात ‘द नाइफ’ या स्वीडिश जोडीचे. 2005 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या उतारांवरून हजारो रंगीत चेंडू सोडणाऱ्या एका दूरचित्रवाणी संचाच्या जाहिरातीत ते वापरले गेले आणि एका फटक्यात दोन्ही स्वतंत्र कलावंत जगापुढे आले.

‘द नाइफ’ या कारिन आणि ओलोफ ड्रेयर या भावंडांच्या जोडीचे नाव स्वतंत्र निर्मितीच्या चर्चेत टाळताच येत नाही. रॅबिड हे त्यांचे स्वतःचे लेबल. स्वीडनचा ग्रॅमिस पुरस्कार मिळाला, तेव्हा संगीतव्यवसायातील पुरुषी वर्चस्वाचा निषेध म्हणून ते स्वतः गेले नाहीत. गोरिलाचा वेश केलेले दोन प्रतिनिधी त्यांनी मंचावर पाठवले. 2006 पर्यंत त्यांनी प्रत्यक्ष कार्यक्रम जवळजवळ केलेच नव्हते. त्या वर्षी आलेल्या ‘सायलेंट शाउट’ला पुढच्या ग्रॅमिस सोहळ्यात सहा पुरस्कार मिळाले. मोठ्या कंपनीच्या मदतीशिवाय आणि मुलाखती, छायाचित्रे यांच्या अटी स्वतः ठरवूनही एवढी मान्यता मिळू शकते, हे या जोडीने सिद्ध केले. दुसरीकडे रॉबिन या मुख्य प्रवाहातील गायिकेने 2005 मध्ये मोठ्या कंपनीतून बाहेर पडून कोनिचिवा हे लेबल काढले आणि आपली कारकीर्द नव्याने उभी केली.

नॉर्वेत बर्गन शहरात मिकाल टेल्ले याच्या टेल्ले या लेबलभोवती 1990 च्या दशकाअखेर एक गट जमला. रॉयक्सॉप, ॲनी आणि ‘किंग्ज ऑफ कन्व्हीनियन्स’ यांच्या प्रारंभीच्या ध्वनिमुद्रिकांमुळे ‘बर्गन लाट’ हा शब्द रूढ झाला. ऑस्लोचे रूने ग्रामोफोन 1998 मध्ये रूने क्रिस्तोफरसन याने स्थापन केले. पहिलीच निर्मिती ‘सुपरसायलेंट’ या गटाची, तीही तीन सीडींची, पूर्णपणे तत्क्षणी सुचलेल्या वादनाची. व्यापारी हिशोबाने पाहता असा आरंभ कोणी केला नसता. या लेबलची वेष्टने किम ह्योर्थॉय या चित्रकाराने केली आणि रेकॉर्डच्या दुकानात ती दुरूनही ओळखू येतात. स्मॉलटाउन सुपरसाउंड या लेबलची सुरुवात 1993 मध्ये फ्लेक्केफ्योर्द या दक्षिणेकडील छोट्या गावात कॅसेट काढण्यापासून झाली.

आजच्या नव्या ध्वनिमुद्रिकेचा मार्ग साधारण ठरलेला आहे. आधी एक-दोन सुटी गाणी, मग ईपी (चार-पाच गाण्यांची छोटी ध्वनिमुद्रिका) किंवा अल्बम शुक्रवारी प्रवाही (स्ट्रीमिंग) सेवांवर येतो. विनाइलच्या (जुन्या पद्धतीच्या तबकड्यांच्या) मर्यादित प्रती आणि क्वचित कॅसेट लेबलकडून व कार्यक्रमस्थळी विकल्या जातात. त्याच आठवड्यात प्रकाशनाची मैफल होते, जिला नॉर्वेजियन लोक ‘स्लिप्पकोन्सर्ट’ म्हणतात. विनाइलची विक्री इथे हौसेपुरती नाही, ती उत्पन्नाचा खरा भाग आहे. स्पॉटिफाय ही सेवा 2006 मध्ये स्टॉकहोममध्येच स्थापन झाली, आणि या प्रदेशातील श्रोते सीडीवरून फार लवकर तिच्याकडे वळले. 2024 पासून तिने वर्षाला 1,000 पेक्षा कमी वेळा ऐकल्या गेलेल्या गाण्यांचा मोबदला बंद केला. प्रायोगिक संगीताच्या लेबलांवर हा नियम अन्याय करणारा आहे, कारण त्यांच्या संग्रहात अशी गाणी भरपूर असतात.

मैफलींची ठिकाणे : बर्गनमधील हुलेन हा विद्यार्थ्यांनी चालवलेला क्लब 1969 पासून दुसऱ्या महायुद्धातील हवाई हल्ल्यांपासून बचावासाठी खोदलेल्या गुहेत आहे. ऑस्लोचा ब्लो हा 1998 मध्ये सुरू झालेला क्लब आकेर नदीकाठच्या जुन्या औद्योगिक इमारतीत, तर लुंडमधील मेयेरियेत जुन्या दुग्धालयात आहे. कोपनहेगनमधील व्हेगा हे मुळात 1956 चे कामगार संघटनांचे सभागृह. स्टॉकहोमच्या डिबेसर या क्लबने 2002 पासून स्लुसेन या चौकाच्या परिसरात एका पिढीला इंडी संगीत ऐकवले. चौकाच्या पुनर्बांधणीत ते ठिकाण गेले, नाव मात्र इतर पत्त्यांवर चालू राहिले. स्वीडनमध्ये क्लबचालकांना प्रेक्षकांनी नाचावे यासाठी पोलिसांचा वेगळा परवाना घ्यावा लागे. ही अट 1 जुलै 2023 रोजी रद्द झाली.

कोपनहेगनच्या यागत्वाय 69 या पत्त्यावरील उंगडोम्सहुसेत, म्हणजे युवागृह, याचा इतिहास वेगळा सांगायला हवा. 1897 मध्ये कामगारांनी बांधलेली ही वास्तू. आंतरराष्ट्रीय महिला दिनाची कल्पना 1910 च्या परिषदेत येथेच मांडली गेली. 1982 पासून ती पंक आणि पर्यायी संगीताचे घर होती. नगरपालिकेने ती विकल्यानंतर 1 मार्च 2007 रोजी पोलिसांनी ती रिकामी केली, काही दिवसांत पाडली, आणि शहरात अनेक दिवस दंगल उसळली. वर्षभराहून अधिक काळ दर आठवड्याला निदर्शने झाली. 2008 मध्ये डोरथेआवाय येथे नवी जागा मिळाली. मैफलीच्या जागेसाठी एवढा संघर्ष झाल्याची उदाहरणे युरोपात विरळाच.

महोत्सवांचा हंगाम मुख्यतः उन्हाळी. मे महिन्यात ऑरहूसचा स्पॉट, 1994 पासून नव्या डॅनिश बँडसाठी. जूनअखेर-जुलैत रोस्किल्ड : हा महोत्सव नफ्यासाठी नाही, सुमारे 30,000 स्वयंसेवक तो चालवतात आणि उरलेला पैसा समाजकार्याला जातो. मोठी नावे येण्यापूर्वीच्या दिवसांत तिथे नॉर्डिक प्रदेशातील, म्हणजे स्कँडिनेव्हियासह फिनलंड आणि आइसलँडमधील, नवोदितांना मंच मिळतो. तंबूंत राहणारा सगळा प्रेक्षक तेव्हा मोकळा असतो, म्हणून अनोळखी बँडसमोरही गर्दी होते. ऑगस्टमध्ये ऑस्लोचा ओया (1999) आणि गोथेनबर्गचा वे आउट वेस्ट (2007) बहुधा एकाच आठवड्यात येतात, त्यामुळे परदेशी कलावंत दोन्हीकडे आणता येतात. वे आउट वेस्टने 2012 पासून आवारात मांसाहार बंद केला. नॉर्वेच्या ट्रेना या आर्क्टिक वर्तुळाजवळच्या बेटावर 2003 पासून होणाऱ्या महोत्सवात काही मैफली समुद्रकाठच्या प्राचीन गुहेत होतात, आणि रिद्दु रिद्दु हा सामी या उत्तरेकडील मूलनिवासी लोकांचा महोत्सव 1991 पासून उत्तर नॉर्वेत भरतो.

व्यवसायाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे बाय:लार्म. 1998 मध्ये ट्रॉनहाइममध्ये सुरू होऊन दरवर्षी वेगळ्या शहरात भरणारा हा महोत्सव 2008 पासून ऑस्लोत स्थिरावला. छोट्या-छोट्या क्लबांत अर्ध्या तासाचे सादरीकरण, आणि श्रोत्यांत परदेशी लेबलचालक, महोत्सवांचे निवडकर्ते व पत्रकार, असे त्याचे स्वरूप. नॉर्डिक संगीत पुरस्कार 2011 मध्ये येथेच सुरू झाला. पहिला मान आइसलँडच्या योन्सीला, 2013 च्या अल्बमसाठी ‘द नाइफ’ला आणि 2016 च्या अल्बमसाठी नॉर्वेच्या येनी व्हाल हिला मिळाला. महोत्सव चालतातच असे नाही. स्मोलांडमधील हुल्ट्सफ्रेद या लहानशा गावात 1986 पासून भरणारा स्वीडनचा सर्वांत लाडका रॉक महोत्सव 2010 मध्ये आयोजक दिवाळखोर झाल्याने बंद पडला.

गाण्याची भाषा : निर्यातीसाठी इंग्रजी, हा सर्वसाधारण नियम. पण अपवाद ठळक आहेत. ‘डुंगेन’ या स्वीडिश बँडचा 2004 चा ‘ता दे लुंग्त’ पूर्णपणे स्वीडिशमध्ये असूनही अमेरिकेत गाजला. ‘कायझर्स ऑर्केस्ट्रा’ने नॉर्वेच्या नैऋत्येकडील बोलीत गात युरोपभर सभागृहे भरली, श्रोत्यांना शब्द कळत नव्हते, तेलाच्या पिंपांवर वाजणारा ताल कळत होता.

कोपनहेगनची नवी पिढी : गेल्या दीड दशकातील सर्वांत लक्षणीय घडामोडी डेन्मार्कच्या राजधानीत घडल्या. 2011 मध्ये ‘आइसएज’ या विशीही न गाठलेल्या मुलांच्या पंक बँडचा ‘न्यू ब्रिगेड’ आला. त्याच्या आगेमागे पॉश आयसोलेशन (2009) हे नॉइझ, म्हणजे गोंगाटालाच सामग्री मानणाऱ्या, संगीताचे लेबल छोट्या आवृत्तीच्या कॅसेट काढत होते. एस्को हे 2005 पासूनचे लेबल मात्र हळूहळू पूर्ण वेगळ्या आवाजाकडे वळले : शांत, उघडा, तंतुवाद्ये आणि संगणक यांना एकाच पातळीवर ठेवणारा. ॲस्ट्रिड सॉनचा ‘ग्रेट डाउट’ (2024) आणि फिने हिचा ‘रॉकी टॉप बॅलड्स’ (2024) ही याची उत्तम उदाहरणे, एम. एल. बुख हिचा ‘सनटब’ (2023) एस्कोचा नसला तरी याच वर्तुळातला. यांतील बरेच जण शहरातील ऱ्हिदमिक म्युझिक कॉन्झर्व्हेटरी या 1986 मध्ये स्थापन झालेल्या सरकारी संस्थेत शिकले, एकमेकांच्या अल्बमवर वाजवतात आणि एकमेकांच्या मैफलींना हजर असतात. ‘स्मर्झ’ ही ऑस्लोची जोडीही तिथेच शिकली. तिने सुरुवातीचे काम लंडनच्या एक्सएल या लेबलसाठी केले, आणि 2025 चा ‘बिग सिटी लाइफ’ मात्र कोपनहेगनच्या एस्कोवर काढला.