साखरदाणीवरचा हिशेब

१८२०च्या दशकात इंग्लंडमधल्या कितीतरी घरांत चहाच्या टेबलावर एक खास साखरदाणी असे. तिच्यावर लिहिलेलं असे, 'ईस्ट इंडियाची साखर, गुलामांनी न बनवलेली'. सोबत हिशेबही होता : सहा कुटुंबांनी वेस्ट इंडीजची साखर सोडून ही वापरली, तर एक गुलाम कमी लागेल. पाहुण्याने चमचा उचलला की नजर त्या ओळीवर पडायचीच.

गुलामगिरीविरोधी लढा म्हटलं की विल्यम विल्बरफोर्स आठवतो, आणि संसदेतली त्याची चिकाटी मोठीच होती. पण १८०७च्या कायद्याने थांबला तो गुलामांचा व्यापार. मळ्यांवर राबणारे गुलाम गुलामच राहिले. १८२३मध्ये पुरुष नेत्यांनी जी संस्था काढली, तिच्या नावातच 'क्रमाक्रमाने' हा शब्द होता. बायकांना ना मत होतं, ना संसदेत जागा. घरात कुठली साखर यायची, हे मात्र त्या ठरवत.

लेस्टरच्या एलिझाबेथ हेरिक या विधवा क्वेकर (एका ख्रिस्ती पंथाच्या) बाईंनी १८२४मध्ये निनावी पुस्तिका काढली. मागणी शीर्षकातच होती : तात्काळ मुक्ती, क्रमाक्रमाने नव्हे. नुकसानभरपाई द्यायचीच असेल तर आधी गुलामांना द्या, असंही त्यांनी बजावलं. गावातल्या वाणसामानाच्या दुकानांत जाऊन, वेस्ट इंडीजची साखर ठेवू नका, असं त्या सांगत. १८२५मध्ये ल्यूसी टाउनसेंड आणि मेरी लॉइड यांच्या पुढाकाराने बर्मिंगहॅम भागात महिलांची संस्था उभी राहिली. तिथल्या बायका हाताने पिशव्या शिवत, आत पत्रकं घालून वाटत. कापडही हिंदुस्थानातलं, कारण अमेरिकेतला कापूस गुलामांच्या कष्टाचा.

इथे आपण अडखळतो. हिंदुस्थानात ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखातही गुलाम होतेच. ब्रिटिश साम्राज्यातली गुलामगिरी रद्द करणाऱ्या १८३३च्या कायद्यातून तो मुलूख वगळला गेला. इथल्या गुलामगिरीची कायदेशीर मान्यता काढून घेणारा कायदा आला १८४३मध्ये. साखरदाणीवरची ती ओळ म्हणजे पूर्ण सत्य नव्हतं.

बायकांनी सभा घ्याव्यात, सह्यांसाठी दारोदार फिरावं, हे खुद्द विल्बरफोर्सला रुचत नव्हतं. पण निधी उभा करण्यात महिला संस्थांचा वाटा मोठा होता. १८३०मध्ये बर्मिंगहॅमच्या बायकांनी पुरुषांच्या त्या संस्थेला कळवलं : नावातून 'क्रमाक्रमाने' काढा, नाहीतर आमचे ५० पौंड विसरा. त्याच वर्षी तो शब्द गेला. १८३३मध्ये संसदेपुढे आलेल्या महिलांच्या एका अर्जावर सुमारे १,८७,००० सह्या होत्या.

कायदा झाला. हेरिक मात्र १८३१मध्येच गेल्या होत्या. भरपाईचे २ कोटी पौंड मंजूर झाले ते मालकांसाठी. गुलामांना एक पैसाही मिळाला नाही. उलट बहुतेकांना 'उमेदवारी'च्या, म्हणजे काम शिकण्याच्या, नावाखाली १८३८पर्यंत त्याच मालकांकडे राबावं लागलं.