रूटची स्वतःची सेटिंग आणि सर्वांसाठीची सेटिंग

रूट (लिनक्सचे सर्वाधिकार असलेले प्रशासक खाते) म्हणून लॉगिन करून डेस्कटॉपच्या स्टार्टअप सेटिंग बदलल्या की त्या संगणकावरील सर्व वापरकर्त्यांना लागू होतात, असा समज लिनक्सवर नव्याने काम करणाऱ्यांमध्ये बराच आढळतो. इतरांच्या फाइली बदलण्याचा अधिकार रूटला आहे हे खरे. पण डेस्कटॉप सुरू होताना रूट हा इतरांसारखाच एक वापरकर्ता असतो आणि त्याची होम डिरेक्टरी (स्वतःच्या फाइली व सेटिंगची जागा) ‘/रूट’ ही असते.

टर्मिनलमधून डेस्कटॉप सुरू करणारी ‘स्टार्टएक्स’ ही कमांड दिल्यावर ती देणाऱ्याच्या होम डिरेक्टरीत आधी ‘.एक्सइनिटआरसी’ ही, कोणता डेस्कटॉप सुरू करायचा ते सांगणारी फाइल शोधली जाते, आणि ती नसेल तरच ‘/ईटीसी’ या सर्वांसाठीच्या सेटिंगच्या डिरेक्टरीखालील सामायिक ‘एक्सइनिटआरसी’ चालवली जाते. या दोन फाइली आपोआप एकत्र होत नाहीत. त्यामुळे ‘/रूट’मधील फाइलीच्या शेवटी ‘एक्झेक स्टार्टएक्सएफसीई४’ लिहिले, तर एक्सएफसीई हा डेस्कटॉप फक्त रूटला मिळेल. उलट प्रकार अधिक गोंधळाचा आहे: सामायिक फाइल काळजीपूर्वक बदलूनही रूटला जुनाच डेस्कटॉप दिसत राहतो, कारण ‘/रूट’मध्ये पूर्वीची ‘.एक्सइनिटआरसी’ शिल्लक असते.

ऑटोस्टार्टचा, म्हणजे लॉगिननंतर प्रोग्राम आपोआप सुरू होण्याचा, नियम मात्र वेगळा आहे. तेथे ‘/ईटीसी/एक्सडीजी/ऑटोस्टार्ट’ आणि होममधील ‘.कॉन्फिग/ऑटोस्टार्ट’ हे दोन्ही फोल्डर वाचले जातात, आणि दोन्हीकडे एकाच नावाची फाइल असेल तर होममधली ग्राह्य धरली जाते.

जीडीएमसारख्या डिस्प्ले मॅनेजरमधून (लॉगिनचा पडदा दाखवणाऱ्या प्रोग्राममधून) लॉगिन केल्यास ‘.एक्सइनिटआरसी’ सहसा वाचलीच जात नाही. शिवाय डेबियनवर जीडीएम रूटला मुळात आत घेत नाही. ही अडवणूक काढून टाकू नये असे माझे स्पष्ट मत आहे, कारण रूटच्या डेस्कटॉपवर उघडलेला ब्राउझरही रूटच्याच अधिकाराने चालतो. सर्वांसाठीचा बदल करायचा असेल, तर साध्या खात्यातून ‘सूडो’ (एखादी कमांड रूटच्या अधिकाराने चालवणारी कमांड) वापरून ‘/ईटीसी’मधील नेमकी फाइल संपादित करणे पुरेसे असते.

‘सूडो स्टार्टएक्स’ मात्र टाळावे. त्या वेळी ‘होम’ हे, होम डिरेक्टरीचा पत्ता ठेवणारे, व्हेरिएबल साध्या वापरकर्त्याचेच राहिले, तर त्याच्या होममधील ‘.एक्सऑथॉरिटी’ ही डेस्कटॉपशी जोडणीची परवानगी ठेवणारी फाइल रूटच्या मालकीची होऊ शकते, आणि मग पासवर्ड बरोबर असूनही तो पुन्हा लॉगिनच्याच पडद्यावर येऊन पोहोचतो. अशा वेळी ‘एलएस -एल’ने त्या फाइलीचा मालक तपासावा आणि ‘सीएचओन’ या मालक बदलणाऱ्या कमांडने ती मूळ वापरकर्त्याच्या नावे करावी.