पहाटे गोधडी, दुपारी रुमाल

फेब्रुवारी सरत आला की खान्देशात पहाटे गोधडी सोडवत नाही आणि दुपारी डोक्याला रुमाल बांधल्याशिवाय शेतात उभं राहवत नाही. पहाटे १३-१४ अंश, दुपारी ३३-३४ अंश, हे धुळे-जळगावकडे या दिवसांत नेहमीचंच. एका दिवसात वीस अंशांचा फरक!

याचं मूळ कोरड्या हवेत आहे. समुद्र लांब, मध्ये सह्याद्री आडवा. दिवसभर तापलेली काळी जमीन सूर्य मावळताच आपली उष्णता अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांच्या रूपात वर सोडू लागते. हवेत वाफ असेल तर ती यातली बरीच उष्णता अडवून पुन्हा खाली पाठवते. ढग तर पांघरुणाचंच काम करतात. आपल्याकडे आभाळ निरभ्र आणि वाफ थोडी, म्हणून उष्णता थेट आकाशात निघून जाते. थंड झालेली जड हवा सखल भागात साचते. थंडी फार वाढली की तापीकाठच्या बागांत केळीच्या पोग्यातून, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळीतून, नवं पान निघायला वेळ लागतो, तो यामुळेच. दुपारी उलटं घडतं: मातीत ओल नसल्यानं उन्हाची ताकद पाणी सुकवण्यात खर्च होत नाही, जवळजवळ सगळी ताकद हवा तापवण्यात जाते.

आणि याच कोरड्या दिवसांत पळस पेटतो. पयस म्हणतात त्याला आमच्याकडे. रावेरहून पालकडे सातपुडा चढू लागलं की पानझडीच्या करड्या रानात तो लांबूनच दिसतो. पावसाचा थेंब नसताना हे झाड एवढी फुलं आणतं कशी? पानांवरच्या सूक्ष्म रंध्रांतून झाडाचं पाणी सतत उडत असतं. पानं गळाली की हा खर्च जवळजवळ थांबतो. मुळं मात्र खोलवरची ओल ओढतच राहतात, खोडात पुन्हा पाणी भरतं आणि त्या बळावर कळ्या फुगतात. पानांचा आडोसा नसल्यानं पक्ष्यांनाही फुलं लांबून दिसतात.

एक फूल हातात घेऊन बघाच. देठाकडची वाटी मखमली, काळपट तपकिरी. पाच पाकळ्यांपैकी खालच्या दोन जुळून पोपटाच्या चोचीसारख्या वळलेल्या. संस्कृतातल्या ‘किंशुक’ या नावाचा अर्थच ‘हा पोपट तर नव्हे?’ असा. या चोचीत पुंकेसर लपलेले असतात आणि तळाशी मध असतो. त्यासाठी साळुंकी वाकली की तिच्या अंगाला पराग लागतात आणि पुढच्या फुलावर पोचतात. मग चपट्या, हलक्या शेंगा धरतात, टोकाशी एकच बी. उन्हाळ्याच्या वाऱ्यावर त्या उडतात आणि मृगाचा पाऊस येतो तेव्हा बी मातीवर तयार असतं. हे वेळेचं गणित मला फुलांच्या रंगाहूनही सुंदर वाटतं.

कोरडेपणा मोडला की मात्र काळजाचा ठोका चुकतो. भूमध्य समुद्राकडून उत्तर भारतावर येणारे पश्चिमी विक्षोभ, म्हणजे ढग-पाऊस आणणाऱ्या हवेच्या लाटा, कधी दक्षिणेपर्यंत परिणाम करतात. त्याच वेळी समुद्रावरची दमट हवा आत आली की ढग दाटतात, रात्री उबदार होतात. आंब्याच्या मोहोरावर तुडतुडे आणि भुरी हा बुरशीचा रोग येतो तो अशा हवेत. खाली तापलेली जमीन, वर अतिथंड हवा, असा योग जुळला तर दमट हवा जोरात वर चढते, थेंब गोठतात आणि गारा पडतात. कापणीला आलेला गहू तासाभरात आडवा होतो.

पळसाखालीही त्या दिवशी भगवा सडा पडतो. पण घोसातल्या सगळ्या कळ्या एकदम उमलत नाहीत. मिटलेल्या अजून फांदीवर असतात, आणि दोन दिवसांनी आभाळ निवळलं की साळुंक्या पुन्हा येतात.