प्रत्येक घरासाठी आयपी पत्ता विकत घ्यावा लागतो का?

"वस्तीचं सामायिक वायफाय उभारायचं तर घरटी आयपी पत्ता विकत घ्यावा लागतो," असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. आयपी पत्ता म्हणजे नेटवर्कवर उपकरण ओळखायचा क्रमांक. सार्वजनिक, म्हणजे थेट इंटरनेटवर चालणाऱ्या, पत्त्यांना पैसे पडतात, म्हणून हा समज होणं साहजिक आहे. पण इंटरनेटच्या १९९६ च्या मानकानुसार १०.०.०.० पासूनचे सुमारे १.६८ कोटी पत्ते खासगी नेटवर्कसाठी राखीव आहेत, आणि तेही विनामूल्य.

खात्री करायचीय? फोनच्या वायफाय सेटिंगमधला पत्ता बघा, मग ब्राउझरमध्ये 'माझा आयपी' शोधा. सहसा दोन्ही वेगळे दिसतील. राउटर आतले अनेक पत्ते बाहेरच्या एकाच पत्त्यामागे चालवतो.

खरी गरज आखणीची. एका गच्चीवरच्या राउटरला १०.२०.१.०, दुसऱ्या गच्चीवरच्याला १०.२०.२.० पासूनचे असे २५६ पत्त्यांचे गट द्या. दोन्हींना एकच गट दिलात, तर डेटा कुठे पाठवायचा ते राउटरला कळत नाही. म्हणून वाटपाची नोंद एकाच वहीत हवी.