कुलपातल्या मोटरने किती काम करावं?

किल्ली फिरवताना आपण एकाच हालचालीत दोन कामं उरकतो. किल्लीचे दाते कुलपाला ओळख पटवतात आणि मनगटाची ताकद बोल्ट, म्हणजे चौकटीत अडकणारी दांडी, मागे ओढते. अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली मुंबईत कुलपं बनवायला सुरुवात केली तेव्हाही असंच होतं, आणि आजच्या साध्या कुलपातही असंच आहे. ओळख किल्लीची, ताकद माणसाची.

विजेच्या कुलपाने ही दोन कामं वेगळी केली. बोटाचा ठसा, कार्ड, आकडा किंवा फोन ओळख पटवतो, पण त्यातल्या कशातही बोल्ट हलवायची ताकद नाही. ती कुठून आणायची, हा या कुलपांच्या रचनेतला मूळ प्रश्न आहे. जाहिराती किती ठसे साठतात आणि पाहुण्याला तात्पुरता आकडा देता येतो का, एवढंच सांगतात. कुलूप पाच वर्षांनीही नीट चालेल का, हे मात्र दाराच्या आत दडलेल्या, दोनेक सेंटिमीटर लांबीच्या मोटरवर आणि तिच्याकडून आपण काय काम मागतो यावर ठरतं.

मोटर वापरायची गरजच काय, हे आधी पाहू. विजेने दार बंद ठेवण्याचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे विद्युतचुंबक. चौकटीवर चुंबक, दारावर लोखंडी पट्टी. हलणारा भाग एकही नाही. अशा थेट ओढीच्या चुंबकी कुलपाची आधुनिक रचना १९६९ मध्ये कॅनडातल्या माँट्रियल फोरम या क्रीडागृहाच्या दारांसाठी झाली. आग लागली तर प्रेक्षक आत अडकतील, या भीतीने तिथले अधिकारी दारांना कुलूप लावू द्यायला तयार नव्हते. वीज तोडली की चुंबक सुटतो, म्हणून हा मार्ग निघाला. कार्यालयांच्या काचेच्या दारांवर आज हेच कुलूप असतं, आणि साधारण पावणेतीनशे किलोची ओढ ते सहज पेलतं. पण दार बंद ठेवण्यासाठी त्याला वीज सतत लागते. १२ व्होल्टवर अर्धा अँपिअर म्हणजे ६ वॅट. पेन्सिल सेल चार जोडले तर त्यांत सुमारे १२ वॅट-तास ऊर्जा असते. म्हणजे बॅटरीवरचं चुंबकी कुलूप दोन तासांत थंड पडेल. घराच्या दाराला ते परवडत नाही.

दुसरा उपाय सोलेनॉइडचा. तारेच्या वेटोळ्यात एक लोखंडी दट्ट्या असतो. वीज दिली की तो आत ओढला जातो, बंद केली की स्प्रिंग त्याला परत ढकलते. रचना स्वस्त आणि चपळ आहे, पण तिच्यात एक उणीव आहे. दट्ट्या वेटोळ्याबाहेर जितका दूर, तितकी ओढ कमी, आणि ती झपाट्याने कमी होते. म्हणजे सुरुवातीचा धक्का द्यायचा असतो नेमक्या त्या क्षणी सोलेनॉइड सगळ्यात दुबळा असतो. शिवाय दट्ट्याला जागेवर धरून ठेवतो तो फक्त एक हलका स्प्रिंग. बाहेरून जोराचा ठोका दिला तर दट्ट्या स्वतःच्या जडत्वाने क्षणभर उसळतो. स्वस्त छोट्या तिजोऱ्या काही वेळा नुसत्या आपटून उघडतात, त्याचं कारण हेच. शक्तिशाली चुंबकानेही हा दट्ट्या हलू शकतो.

डीसी मोटरचा स्वभाव सोलेनॉइडच्या अगदी उलट आहे. ती थांबलेली असते तेव्हाच तिचा पीळ, म्हणजे फिरवण्याचा जोर, सर्वाधिक असतो आणि वेग वाढतो तसा तो उतरतो. अडकलेला बोल्ट हलवायला असाच गडी हवा. पण बिनओझ्याची छोटी मोटर मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेरे मारते, आणि बोल्टची कळ एका सेकंदात पाव फेरा फिरली तरी पुरे, म्हणजे मिनिटाला १५ फेरे. ओझ्याखाली मोटरचा वेग ६,००० वर आला असं धरलं तरी मध्ये ४०० पट उतरण हवी. दातेरी चाकांची ही साखळी वेग कमी करते आणि त्या बदल्यात पीळ वाढवते. साखळीतली पहिली चाकं वेगाने फिरतात पण त्यांच्यावर जोर कमी येतो, म्हणून ती बहुधा प्लास्टिकची असतात. आवाजही त्यामुळे कमी होतो. शेवटच्या चाकावर सगळा जोर येतो, ते धातूचं असावं लागतं. इथे पैसे वाचवले की दाते झिजून चाक नुसतं गरगरतं.

या साखळीत एखादा मळसूत्री दांडा घातला की आणखी एक गुण येतो. गाडीचं चाक बदलताना लावतात तो स्क्रू जॅक आठवा. हँडल सोडलं तरी गाडी खाली बसत नाही. मळसूत्राचा चढ पुरेसा मंद असेल तर दांडा चाकाला फिरवू शकतो, पण चाक दांड्याला फिरवू शकत नाही. घर्षणांक, म्हणजे घर्षण किती हे सांगणारा आकडा, ०.१ धरला तर चढाचा कोन सुमारे ६ अंशांच्या आत हवा. अशा कुलपात बोल्ट मागे ढकलायचा प्रयत्न केला तर ती ताकद मोटरपर्यंत पोचतच नाही, आणि ठोका मारूनही काही होत नाही. त्याची किंमत मात्र मोजावी लागते. आपोआप अडकून राहणाऱ्या मळसूत्राची कार्यक्षमता ५० टक्क्यांच्या खालीच असते. बॅटरीतली निम्म्याहून जास्त ऊर्जा घर्षणात जाते.

त्याहून मोठी अडचण म्हणजे असा दांडा हातालाही जुमानत नाही. मोटर बिघडली तर आतल्या कळीने दार उघडायचं कसं? म्हणून मोटरची साखळी आणि बोल्ट यांच्यात मोकळी जागा ठेवतात. मोटर बोल्ट ढकलते आणि मग स्वतः मधल्या जागी परत येऊन उभी राहते. त्यानंतर हाताने किंवा किल्लीने बोल्ट हलवताना मोटर आड येत नाही. मला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो, कारण काम झाल्यावर वाटेतून बाजूला होणं हा मोटरच्या कामाचाच भाग आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. बोल्ट मोटरनेच सरकवला पाहिजे का?

याची दोन उत्तरं बाजारात आहेत आणि बाहेरून ती सारखीच दिसतात. पहिल्यात मोटर खरोखर बोल्ट ओढते. दुसऱ्यात ती बोल्टला हातही लावत नाही. बाहेरचं हँडल एरवी मोकळं असतं, दाबलं तरी आत काहीच हलत नाही. ओळख पटली की मोटर काही मिलिमीटरची एक पिन सरकवते, तिने हँडल आणि आतला चौकोनी दांडा जोडला जातो, आणि मग बोल्ट ओढतो तो हँडल दाबणारा हात. ताकद पुन्हा माणसाची झाली. या जोडणीला क्लच म्हणतात. हॉटेलांतल्या खोल्यांच्या कुलपांत ती सर्रास सापडते. तिच्यामुळे सुरक्षिततेतही भर पडते, कारण हँडलवर पाय देऊन उभं राहिलं तरी तो जोर बोल्टपर्यंत जात नाही.

हिशोब करून पाहू. समजा घरात दिवसाला ४० हालचाली होतात, २० उघडण्याच्या आणि २० बंद होण्याच्या. बोल्ट ओढणाऱ्या मोटरला प्रत्येक वेळी ५०० मिलिअँपिअर प्रवाह दीड सेकंद लागतो असं धरलं, तर दिवसाचा खर्च ८.३ मिलिअँपिअर-तास. क्लचच्या मोटरला १५० मिलिअँपिअर ०.३ सेकंद पुरतो, दिवसाचा खर्च फक्त ०.५. आता यात कुलपाच्या जागरणाचा खर्च मिळवा. स्पर्शाची वाट पाहत बसलेलं सर्किट ५० मायक्रोअँपिअर घेत असेल तर दिवसाला १.२ मिलिअँपिअर-तास जातात. २,००० मिलिअँपिअर-तासांचे सेल पहिल्या कुलपात सुमारे सात महिने आणि दुसऱ्यात तीन वर्षांहून जास्त टिकतील. क्लचच्या कुलपात मोटरपेक्षा वाट पाहण्याचाच खर्च जास्त होतो! वायफाय असलेलं कुलूप बॅटरी लवकर खातं ते यामुळेच. मोटर तीच असते, पण सर्किटला वरचेवर जागं व्हावं लागतं.

क्लचमध्ये एक युक्ती आहे, ती ज्याला सुचली त्याचं मला फार कौतुक वाटतं. दारापाशी आलेला माणूस घाईत असतो. ओळख पटायच्या आधीच तो हँडल दाबून धरतो. तेव्हा पिनेसमोर तिचं छिद्र नसतं आणि पिन अडते. मोटर थेट पिनेला ढकलत असती तर तिथेच अडून तापली असती. म्हणून मोटरच्या दांड्याला एक बारीक आडवी काडी बसवतात आणि ती काडी स्प्रिंगच्या वेटोळ्यांत फिरते. दांडा फिरला की वेटोळी मळसूत्रासारखी पुढे सरकतात आणि पिनेला ढकलतात. पिन अडलेली असेल तर स्प्रिंग दाबली जाते, पण मोटरचं काम ठरल्या वेळेत संपतं आणि ती बंद होते. माणसाने हँडल सोडलं, छिद्र समोर आलं, की स्प्रिंगमध्ये साठलेला ताण पिनेला आत ढकलतो. त्या क्षणी विजेची गरजच उरलेली नसते. स्प्रिंगच्या टोकाशी काडी वेटोळ्यातून बाहेर पडून नुसती फिरते, त्यामुळे मोटर थोडी जास्त वेळ चालली तरी काही मोडत नाही.

मग मोटरने बोल्ट ओढायचाच नाही का? तसंही नाही. संधिवाताने बोटं आखडलेल्या आजीला हँडल खाली दाबणं किंवा बोल्ट बाहेर काढण्यासाठी ते वर उचलणं जमत नसेल, तर पूर्ण काम मोटरनेच करायला हवं. दार लागल्यावर कुलूप आपोआप लागायला हवं असेल तरीही. क्लचच्या कुलपात बाहेर पडताना हँडल उचलायचं विसरलं तर दार नुसत्या लॅचवर राहतं, आणि तिरक्या तोंडाचा लॅच फटीतून पातळ पट्टी सारूनही मागे ढकलता येतो. पण एरवी, धडधाकट माणसांच्या घरासाठी, मी क्लचच्याच बाजूने आहे.

याचं मोठं कारण आपला पावसाळा. जूनमध्ये लाकडी दार फुगतं, चौकटीला घासतं आणि बोल्ट पट्टीतल्या भोकाच्या कडेवर रेटला जातो. आपण काय करतो? खांद्याने दार जरा दाबतो आणि किल्ली फिरवतो. हे करताना विचारही करत नाही. मोटरला खांदा नाही. मोकळ्या बोल्टला सरकवायला जेमतेम ५ न्यूटन पुरतात. पण दार बोल्टवर २०० न्यूटनने, म्हणजे सुमारे २० किलोच्या वजनाएवढं, रेललेलं असेल आणि घर्षणांक ०.३ असेल, तर तोच बोल्ट ओढायला ६० न्यूटन लागतात. एकदम बारापट.

अडलेली मोटर तारांतून बोलते. फिरणारी मोटर एकीकडे जनित्राचंही काम करत असते. तिच्यात विजेचा उलट दाब (व्होल्टेज) तयार होतो आणि तो प्रवाहाला आवर घालतो. ती थांबली की हा उलट दाब नाहीसा होतो. गुंडाळीचा रोध ६ ओहम असेल तर ६ व्होल्टवर प्रवाह एक अँपिअरपर्यंत चढतो. कुलपाचा प्रोसेसर हा चढ पाहून ओळखतो की बोल्ट अडला. फक्त एक पथ्य पाळावं लागतं. सुरू होतानाही मोटर क्षणभर थांबलेलीच असते, म्हणून सुरुवातीचे काही मिलिसेकंद हा चढ मुद्दाम दुर्लक्षित करायचा. अडथळा कळला की मोटर थोडी उलट फिरवून पुन्हा एक-दोनदा प्रयत्न करायचा, आणि तरी जमलं नाही तर तक्रारीचा आवाज करायचा. अर्धवट बाहेर आलेल्या बोल्टला मागून टेकू मिळत नाही, तो ढकलला की परत जाऊ शकतो. म्हणून बोल्ट पूर्ण बाहेर आला आहे हे स्विचने किंवा चुंबकी सेन्सरने तपासल्याशिवाय फोनवर ‘बंद’ असं दाखवणं ही घरच्या लोकांची फसवणूक आहे.

हाच एक अँपिअर जुन्या सेलना उघडं पाडतो. सेल म्हातारे झाले की त्यांचा अंतर्गत रोध वाढतो. चार सेलचा मिळून तो ३ ओहम झाला तर अडलेल्या मोटरसमोर ६ व्होल्टचे ४ उरतात. प्रोसेसर तेवढ्यात बंद पडून पुन्हा सुरू झाला, तर बोल्ट अधांतरी राहतो. म्हणूनच मोटर चालू असतानाच सेलचा दाब मोजला पाहिजे. काही काम न करणारा सेल शेवटपर्यंत धट्टाकट्टाच दिसतो.

आणि वीज पूर्ण गेली तर? चुंबक सुटतो, सोलेनॉइड स्प्रिंगच्या इच्छेप्रमाणे वागतो, पण मोटर जिथे असेल तिथेच राहते. हा फरक आगीच्या वेळी जिवावर बेतू शकतो. मोठ्या इमारतींच्या मोटरवाल्या कुलपांत काही ठिकाणी कपॅसिटर बसवतात. वीज गेली की त्यात साठलेल्या ऊर्जेवर मोटर शेवटची एक हालचाल करते आणि दार मोकळं करते. घरच्या कुलपात बाहेरच्या बाजूला ९ व्होल्टची बॅटरी टेकवायचे दोन बिंदू किंवा यूएसबीचं तोंड असतं, शिवाय झाकणाखाली किल्लीचं भोक. आतल्या बाजूला मात्र विजेचा संबंधच नको. बाहेर पडण्याची दारं आतून किल्लीशिवाय उघडली पाहिजेत, असं भारताची राष्ट्रीय इमारत संहिता सांगते, आणि घराच्या मुख्य दारालाही तोच नियम लावावा असं माझं ठाम मत आहे. आतलं हँडल थेट बोल्टला जोडलेलं असावं, मध्ये मोटर नाही, प्रोसेसर नाही. दुकानात कुलूप पसंत करताना विक्रेत्याला सगळे सेल काढायला सांगावं, बोल्ट पूर्ण बाहेर काढावा आणि आतलं हँडल एकदाच दाबावं. तेवढ्यात बोल्ट मागे गेला नाही, तर ते कुलूप घेऊ नये.