आग लावणारे अग्निशामक: प्रिस्क्राइब्ड बर्न वेगळा, बॅकफायर वेगळा

कॅलिफोर्निया, ओरेगन, मोंटानाकडे वणवे पेटले की एक व्हिडिओ हमखास फिरतो. पिवळा शर्ट आणि हेल्मेट घातलेला माणूस हातातल्या डब्यातून पेटतं इंधन जमिनीवर ठिबकवत झपाझप चालला आहे आणि त्याच्या मागे गवत भडकतंय. खाली ठरलेला प्रश्न: "म्हणजे हेच लोक आग लावतात?" हो, लावतात. पण अशी आग दोन वेगळ्या कामांसाठी लावली जाते. लोक ती दोन्ही कामं एकच समजतात आणि मग एकाचा राग दुसऱ्यावर काढतात.

गोंधळ होणं साहजिक आहे, कारण हत्यार एकच. त्या डब्याला ड्रिप टॉर्च म्हणतात. आत डिझेल जास्त आणि पेट्रोल कमी असं मिश्रण असतं, टोकाला पेटती वात असते आणि आग उलटी डब्यात शिरू नये म्हणून नळीला एक वेढा दिलेला असतो. माणसं बहुतेक वेळा तीच, कपडे तेच, धूरही तसाच.

प्रिस्क्राइब्ड बर्न म्हणजे वणवा नसताना, आखलेल्या हद्दीत, मुद्दाम निवडलेल्या दिवशी जंगलातला पालापाचोळा, गवत आणि झुडपं जाळणं. बॅकफायर म्हणजे वणवा चालून येत असताना त्याच्या वाटेतलं जळण तो पोचायच्या आत जाळून टाकणं. पहिल्यात दिवस माणूस निवडतो, दुसऱ्यात तो वणव्याने निवडलेला असतो. बाकीचे बहुतेक फरक इथूनच सुरू होतात.

महाराष्ट्रात वन विभाग उन्हाळ्याआधी जाळरेषा काढतो, म्हणजे ठरावीक पट्ट्यातलं गवत जाळून मोकळी जागा ठेवतो. प्रिस्क्राइब्ड बर्नचा विचार त्याच दिशेचा आहे, पण तिथे नुसता पट्टा जाळत नाहीत. शेकडो एकर जंगलाचा तळच हलका करायचा असतो. अमेरिकेच्या पश्चिमेतली पाँडेरोसा पाइनची जंगलं पूर्वी काही वर्षांच्या अंतराने अशी जमिनीलगत जळत असत. या झाडाची साल जाड असते, त्यामुळे खालचा पाला जळून गेला तरी मोठं झाड उभं राहतं. कॅलिफोर्नियाच्या उत्तरेकडच्या क्लॅमथ नदीच्या खोऱ्यातले कारुक आणि युरोक हे आदिवासी लोक तर पिढ्यान्‌पिढ्या स्वतः जंगल जाळत आले, कारण जळल्यानंतर हेझल नावाच्या झुडपाला येणारे सरळ, लवचीक कोंब टोपल्या विणायला लागतात.

मग १९१० चा ऑगस्ट आला. आयडाहो आणि मोंटानात मुख्यतः दोन दिवसांत सुमारे ३० लाख एकर जंगल जळालं, ८० च्या वर माणसं गेली. या धक्क्यातून 'प्रत्येक आग विझवायचीच' हे धोरण घट्ट झालं. १९३५ पासून तर फॉरेस्ट सर्व्हिसचा, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय वन खात्याचा, नियमच होता की दिसलेली आग दुसऱ्या दिवशी सकाळी १० च्या आत आटोक्यात आलीच पाहिजे. आदिवासींची जाळणीही बंद पाडली गेली. त्या दशकांत जे जळायला हवं होतं ते साचत राहिलं. मोठ्या झाडांखाली लहान झाडांची दाटी झाली आणि जमिनीवरची आग शेंड्यापर्यंत चढायला वाट मिळाली. आजचे महावणवे तापत्या, कोरड्या हवेमुळे जितके भडकतात तितकेच या साठ्यामुळेही, असं माझं स्पष्ट मत आहे.

हा साठा जाळायचा दिवस कसा ठरतो? आधी लेखी योजना बनते. तापमान, हवेतली आर्द्रता, वाऱ्याचा वेग आणि दिशा, जळणातला ओलावा, या सगळ्यांच्या मर्यादा तिच्यात लिहिलेल्या असतात. ओलावा मोजायची एक जुनी पद्धत मला फार आवडते. अर्ध्या इंचाच्या पाइनच्या काड्यांचा एक संच जंगलातच ठेवतात, पूर्ण कोरडा असताना त्याचं वजन बरोबर १०० ग्रॅम. तो ११० ग्रॅम भरला तर बोटाएवढ्या फांद्यांमध्ये साधारण १० टक्के पाणी आहे असं समजायचं. ठरलेल्या दिवशी सकाळी एका कोपऱ्यात चाचणीची छोटी आग लावून ज्वाळा आणि धूर कसा वागतो ते पाहतात. मनासारखं नसेल तर बर्न बॉस, म्हणजे त्या जाळणीचा प्रमुख, काम रद्द करतो. धुराची परवानगी वेगळी, ती हवेचं नियमन करणाऱ्या यंत्रणेकडून घ्यावी लागते. जाळून झाल्यावर माणसं हद्दीलगत हातमोजा काढून राखेजवळ हात नेतात आणि कुठे ऊब उरली आहे का ते चाचपतात. हे काम दिवसचे दिवस चालतं.

बॅकफायरमध्ये ही चैन नाही. वणव्याच्या पुढे रस्ता, नदी किंवा बुलडोझरने काढलेली मातीची रेषा असते आणि तिथून वणव्याच्या दिशेने आग सोडायची असते. मोठा वणवा वर उसळताना आजूबाजूची हवा स्वतःकडे ओढतो. ती ओढ जाणवू लागली की रेषेवरची आग वणव्याकडे खेचली जाते आणि दोन्ही आगी समोरासमोर येऊन मधलं जळण संपतं. घाई केली तर लावलेली आग वाऱ्याबरोबर आपल्याच रेषेवर उलटते. उशीर केला तर वणवाच आधी पोचतो.

व्हिडिओत दिसतं ते पुष्कळदा खरं तर बॅकफायरही नसतं, बर्नआउट असतं. वणव्याची कड आणि आपली रेषा यांच्यामध्ये उरलेले हिरवे-सुके तुकडे शांतपणे जाळून टाकायचे, बऱ्याचदा संध्याकाळी किंवा रात्री, हवेत ओल वाढल्यावर.

या दोन्हींत न बसणारी तिसरी आगही सांगितली पाहिजे. ५ ऑगस्ट १९४९ ला मोंटानातल्या मॅन गल्चमध्ये वणवा मागून धावत येताना वॅगनर डॉज या फोरमनने समोरचं गवत पेटवलं आणि जळून गेलेल्या जागेत राखेत पालथा पडला. सोबत्यांना त्याने हाका मारल्या, पण कुणालाच ते कळलं नाही. १३ जण मेले, तो वाचला. ती फक्त जीव वाचवायची आग होती.

प्रिस्क्राइब्ड बर्न काय आणि बॅकफायर काय, फसतात दोन्ही. २०२२ च्या ६ एप्रिलला न्यू मेक्सिकोत सांता फे नॅशनल फॉरेस्टमध्ये सुरू केलेला बर्न हद्दीबाहेर गेला. त्याच सुमारास जवळच एक जुनी आग जागी झाली. जंगल विरळ करताना निघालेल्या लाकडांचे ढीग जानेवारीत जाळले होते आणि वरून बर्फ पडूनही त्यांच्यात निखारे धुमसत राहिले होते. दोन्ही आगी एकत्र झाल्या आणि ३ लाख ४१ हजार एकर जळालं, त्या राज्याच्या इतिहासातला सर्वांत मोठा वणवा. शेकडो घरं गेली. पिढ्यान्‌पिढ्या तिथे गुरं राखणाऱ्या लोकांचं नुकसान पैशाने भरून येणारं नाही, पण सरकारने जबाबदारी घेतली आणि संसदेने भरपाईसाठी खास कायदा केला. याउलट २००० साली मोंटानाच्या बिटररूट खोऱ्यात बॅकफायरने आपली घरं जाळली म्हणून रहिवासी कोर्टात गेले, तेव्हा दावा टिकला नाही. ऐन वणव्यात घेतलेल्या निर्णयाला कायदा वेगळ्या मापाने मोजतो.

न्यू मेक्सिकोनंतर फॉरेस्ट सर्व्हिसने देशभरातले प्रिस्क्राइब्ड बर्न ९० दिवस थांबवले. चौकशी व्हायलाच हवी होती. पण याच संस्थेच्या आकडेवारीनुसार ९९.८४ टक्के बर्न ठरल्याप्रमाणे पार पडतात, आणि पार पडलेल्या कामाची बातमी होत नाही. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाच्या मॅरिपोसा ग्रोव्ह या वनराईत १९७० च्या दशकापासून असे बर्न होत आले आहेत. जुलै २०२२ मध्ये वॉशबर्न वणवा तिथे शिरला, तरी तिथली सेक्वोया जातीची प्रचंड झाडं वाचली. आधीच्या दोन वर्षांत सिएरा नेवाडा पर्वतरांगेच्या दक्षिण भागात याच जातीची हजारो मोठी झाडं वणव्यांत मेली होती.

ऑक्टोबर २०१९ मध्ये कॅलिफोर्नियात लेक टाहो या सरोवराच्या नैर्ऋत्येला केपल्स क्रीकच्या खोऱ्यात एक बर्न चालू होता. जोराच्या वाऱ्याचा अंदाज आला, तेव्हा अधिकाऱ्यांनी त्याला वणवा जाहीर केलं आणि जादा माणसं बोलावून तो आटोक्यात आणला. तीन हजारांहून अधिक एकर जळालं होतं, बहुतेक जमिनीलगत. दोन वर्षांनी, २०२१ मध्ये, दोन लाखांवर एकर गिळणारा कॅल्डोर वणवा त्याच बाजूने साउथ लेक टाहो शहराकडे निघाला आणि या जळलेल्या खोऱ्याच्या कडेला पोचल्यावर तिथे त्याचा जोर ओसरला.